कॉम्प्रेसरवर वाहणारा झरा

समस्त मत्स्याहारी मराठी बंधुभगिनींस अत्यंत जड अंतःकरणाने, परंतु पूर्ण शुद्धीत कळविण्यात येते की, रास अल खैमाच्या उघड्याबोडक्या डोंगरांत ट्राउट नावाचा मासा गोड्या पाण्याच्या थंडगार झऱ्यात पोहताना आढळला असून, प्रस्तुत इसमाने तो स्वतःच्या हाताने गळाला लावून, भाजून घेऊन, लिंबाच्या चकतीसह खाल्ला आहे. इसमाची प्रकृती स्थिर आहे. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये.

विश्वास कशावर ठेवायचा तेही सांगून टाकतो. झरा खोटा होता. तो डोंगरातून येत नव्हता, हिरव्या पत्र्याच्या शेडमागे घरघरणाऱ्या कॉम्प्रेसरमधून येत होता. खडक सिमेंटचे होते. पक्ष्यांचा किलबिलाट खजुराच्या झाडाला बांधलेल्या स्पीकरमधून येत होता आणि दर चार मिनिटांनी पहिल्यापासून सुरू होत होता. मासा तेवढा खरा होता, पण त्याच्या तोंडाकडे बघून वाटत होतं की त्याचीही तशी पक्की खात्री नसावी.

मी शारजात राहतो आणि हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप-फिटिंगच्या कारखान्यात परचेस बघतो. म्हणजे लोकांनी आणलेल्या मालात खोट काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. तरीही या विद्येत मी आयुष्यभर विद्यार्थीच राहणार, कारण माझ्या गुरू म्हणजे माझ्या सासूबाई.

सासूबाई रत्नागिरीच्या. नावं ठेवावीत तर त्यांनी. माझ्या लग्नात, माझ्या देखत, त्यांनी मठ्ठ्याचा एक घोट घेतला आणि आचाऱ्याला म्हणाल्या, "यातलं ताक शोधायला पाणबुड्या लावा." सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा दुबईला आल्या तेव्हा आम्ही त्यांना जगातली सगळ्यात उंच इमारत दाखवायला नेलं. मान मोडेपर्यंत वर बघून म्हणाल्या, "एवढी उंच, आणि पापड वाळत घालायला एक धड गच्ची नाही." माझ्याबद्दल त्यांचं मत शेजाऱ्यांना तोंडपाठ आहे: "जावई चांगला आहे, बोलायला लागेपर्यंत." त्या खेपेला त्या शारजाच्या मासळीबाजारात शिरल्या की कोथिंबिरीच्या जुडीचेसुद्धा दिरहमचे रुपये करून मोठ्याने सांगायच्या, आणि सुरमईचा कल्ला अंगठ्याने असा उचलायच्या की पलीकडचा बांगलादेशी विक्रेता आपोआप सरळ उभा राहायचा.

गेल्या वर्षी सासरे गेले. तेराव्याला सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वर्षभर मी मासा खाणार नाही." कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. वर्ष उलटलं, वर्षश्राद्ध झालं, आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्यांना डिसेंबरात इकडे घेऊन आला. मेहुणा जबल अलीत लॉजिस्टिक्समध्ये आहे, दुबईत राहतो आणि त्याच्या घरात सगळं बेज रंगाचं आहे. सासूबाई आल्या त्या आमच्याकडे शारजात.

आणि आम्हाला कळलं की प्रश्न माशाचा नाहीच. सासूबाईंना सगळं आवडत होतं.

चहा दिला, "चांगला आहे." वेळेवर न आलेल्या टॅक्सीत बसवलं, "चांगली आहे." मेहुण्याच्या घरचा तो बेज सोफा, ज्यावर बसलं की गुडघे हनुवटीला लागतात, तोसुद्धा "चांगला आहे." बाजारात कशाचा भाव विचारला नाही, कशाचे रुपये केले नाहीत. 'आमचे हे' हे दोन शब्द पूर्वी त्यांच्या दर तिसऱ्या वाक्यात यायचे, ते तर वर्षभरात कोणाच्याच कानावर पडले नव्हते. जेवणात पातळ वरण आणि मूठभर भात. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या.

एका दुपारी बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"आई म्हणाली, माझ्या पोळ्या चांगल्या झाल्यात."

हे ऐकून मीही खुर्चीवर बसलो. कारण बायकोच्या पोळ्या, प्रेमाने सांगतो, चांगल्या होत नाहीत.

त्यांच्या घरची एक रीत आहे. वर्ष झालं की मागे राहिलेल्या माणसाला पहिला मासा जावयाने आणून खाऊ घालायचा. त्याने खाल्ला की घर दुखवट्यातून सुटलं. नाही खाल्ला तर मग ते माणूस सहसा कधीच खात नाही, असं बायकोचं म्हणणं; तिच्या एका मावशीचं तसंच झालं होतं. सासूबाईंचं परतीचं तिकीट तीन आठवड्यांनंतरच्या बुधवारचं होतं. तिथे जाऊन त्या मोठ्या घरात एकट्या राहणार, पेज-भात खाणार आणि सगळ्याला चांगलं म्हणणार. बायको मला म्हणाली, "तिने एक घास मासा खाऊ दे आणि एकदा कोणालातरी वाईट बोलू दे. मग मी तिला विमानात बसवीन. नाहीतर नाही."

जबाबदारी जावयाची होती, म्हणजे माझी.

पहिल्या रविवारी मी सुरमई आणली, अशी की तिच्या डोळ्यात तोंड दिसावं. सासूबाईंनी स्वतः कालवण केलं. आम्ही बोटं चाटली. त्यांनी सगळ्यांना वाढलं, भांडं घासायला टाकलं आणि स्वतः वरण-भात घेतला. "इच्छा नाही रे. तुम्ही खा, चांगली आहे सुरमई." दुसऱ्या खेपेला बांगडे, पुन्हा तेच. मग बायकोने डोकं लढवलं. तिसऱ्या खेपेला पापलेट तिनेच केलं, मुद्दाम वाईट. कोकमाऐवजी चिंच, तीही चौपट, मीठ नाहीच, आणि तळताना एक बाजू जाळली. असं पापलेट पूर्वी सासूबाईंसमोर आलं असतं तर आम्हाला त्या रात्री गेस्ट हाउस शोधावं लागलं असतं. सासूबाईंनी त्या काळ्या तुकड्याकडे पाहिलं, तो लेकीच्याच ताटात सरकवला आणि म्हणाल्या, "छान खमंग झालंय. खा तू."

बायको बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली.

त्याच आठवड्यात मेहुण्याचा फोन आला.

"भावोजी, माझ्याकडे सोल्यूशन आहे. ट्राउट!"

"कोण?"

"ट्राउट हो, ट्राउट. आरएकेला, रास अल खैमाला हो, डोंगरात एक नवीन फार्म आहे. नॅचरल स्ट्रीम बनवलाय त्यांनी."

"बनवलाय, तरी नॅचरल?"

"ऐका तर. त्यात टायगर ट्राउट सोडलेत. हायब्रिड!"

"हायब्रिड माझी गाडीपण आहे. तिच्यावर कोणी लिंबू पिळत नाही."

"भावोजी, प्लीज. प्रीमियम एक्सपिरियन्स आहे. आपण स्वतः पकडायचा, ते लगेच कुक करून देतात. कॅच अँड ईट."

"याला आपल्याकडे मासेमारी म्हणतात. हजारो वर्षं चालू आहे."

त्याने फोटो पाठवला. मी पाहिला, आणि सांगतो, माझ्या अंगावर आनंदाचा शहारा आला. ब्राऊन ट्राउटची मादी आणि ब्रुक ट्राउटचा नर, असं खाली लिहिलं होतं. त्या दोघांनी काय विचार करून संसार मांडला कोण जाणे. अंगावर सगळीकडे पिवळट-तपकिरी वळणं, जशी शारजातल्या जुन्या इमारतींच्या लिफ्टसमोर फरशी असते तशी. तोंड अर्धवट उघडं, जणू काही विचारायचं होतं आणि विसरला. हा मासा समुद्रात गेला असता तर बांगड्यांनी त्याला साधा पत्तासुद्धा विचारला नसता.

मला एकदम लख्ख दिसलं. मेहुणा आईला उत्तमातला उत्तम मासा खाऊ घालायला निघाला होता, आणि अजाणता त्याने या देशातली नावं ठेवायला सगळ्यात लायक वस्तू शोधून काढली होती. या माशापुढे सासूबाई गप्प राहिल्या तर मग खलास, आशा सोडावी.

"बुक कर," मी म्हणालो.

"मला माहीत होतं तुम्हाला आवडेल!"

रविवारी सकाळी आम्ही पाच जण निघालो. मी, बायको, सासूबाई, मेहुणा आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी, जिला आम्ही मराठीत विचारतो आणि जी आम्हाला इंग्रजीत उत्तर देते. मेहुण्याने मासेमारीचा म्हणून खिसेच खिसे असलेलं एक जाकीट घातलं होतं. मी मोजले नाहीत, पण एका खिशात चष्मा ठेवला आणि मग परत येईपर्यंत तो त्याला सापडला नाही.

फार्मच्या फाटकावर पाटी होती, 'आल्प्समध्ये आपले स्वागत आहे.' पाटीखाली दोन बकऱ्या एक पुठ्ठा खात होत्या.

झरा साधारण आमच्या इमारतीच्या पार्किंगएवढा लांब. वरच्या टोकाला सिमेंटच्या गुहेतून पाणी पडत होतं आणि खालच्या टोकाला जाळीत गडप होऊन पाइपातून परत वर जात होतं. म्हणजे तेच पाणी दिवसभर फेऱ्या मारत होतं, निवृत्त माणसं मैदानाला मारतात तसं. काठावर प्लास्टिकचं गवत, आणि गवतावर 'गवतावर चालू नये' अशी पाटी. मी पाण्यात बोट घातलं आणि ओरडलोच. ट्राउटला गरम पाणी सोसत नाही, म्हणून चिलर लावून ते बर्फासारखं ठेवतात. बाहेर डोंगर उन्हात तापलेले, आणि मधोमध हे मासे एसीत. इथे साइटवर काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या कित्येक माणसांना ज्या थंडाव्यात झोपायला मिळत नाही, त्या थंडाव्यात हे गृहस्थ दिवसभर पोहत होते, आणि तेही नीट पोहत नव्हते. उभे होते. एका ओळीत, तोंड प्रवाहाकडे करून, व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरच्या काउंटरपुढे उभं राहावं तसे.

"बाबा, दे आर जस्ट स्टँडिंग देअर," मुलगी म्हणाली. "इट्स नॉट इव्हन फेअर."

"आई, कसं वाटतंय?" मेहुण्याने हात पसरून विचारलं, जणू डोंगर त्यानेच आणून ठेवले होते.

सासूबाई स्वेटर घालून छत्रीखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी झरा पाहिला, गवत पाहिलं, स्पीकरमधला कोकीळ ऐकला.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी इथे लिहीत नाही.

गळ द्यायला जो माणूस आला त्याच्या टी-शर्टवर इंग्रजीत 'ट्राउट मास्टर' लिहिलं होतं. पन्नाशीचा, उंच, मेंदी लावलेली दाढी. पाकिस्तानातल्या स्वातचा पठाण निघाला. त्याने मला गळ दिला, डब्यातला मक्याचा एक दाणा आकड्याला टोचला आणि नियम सांगितले. पकडलेला मासा परत सोडायचा नाही, जो पकडला तो आपला. बाहेरचा मसाला चालणार नाही. आणि पाण्यात उतरायचं नाही.

"खान साहब, मका?" मी विचारलं. "मछली मका खाती है?"

त्याने आजूबाजूला मॅनेजर नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भाईजान, ये सब खाती है. बिस्कुट भी खाती है. परसों एक बच्चे का जुराब खा गई."

जुराब म्हणजे पायमोजा. असा तो मासा. आता तो पकडायला काय लागणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पहिल्या फेकीत मी मेहुण्याची टोपी पकडली. दुसऱ्या फेकीत प्लास्टिकचं गवत, चांगलं वीतभर, मुळासकट. त्याला मुळं नसतात हे तेव्हा कळलं. तिसऱ्या वेळी दाणा बरोबर एका माशाच्या नाकासमोर पडला. त्याने तो पाहिला. मी त्याला पाहिलं. मग तो किंचित बाजूला सरकला आणि मागच्याला जागा करून दिली.

"भावोजी, रिस्ट! रिस्ट वापरा!" मेहुणा ओरडत होता. त्याने रात्रभर व्हिडिओ पाहिले होते.

"तू तुझा चष्मा शोध."

"जावईबापू," मागून सासूबाईंचा मऊ आवाज आला, "छान जमतंय तुम्हाला."

या बाईंनी एकदा मला नारळ फोडताना पाहून शेजारच्या बायकांना बोलावून आणलं होतं, बघायला. मी वैतागून झऱ्याकडे पाठ केली आणि त्या माशांच्या खानदानाबद्दल चार शब्द स्वच्छ मराठीत बोललो. बोलत असतानाच गळ जड झाला. वळून बघतो तर एक ट्राउट आकड्याला लागलेला. झटापट नाही, उसळी नाही. ओढला तसा आला, सरकारी कचेरीतली फाइल टेबलावरून सरकते तसा, थांबत थांबत. खानने जाळीत घेतला आणि मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. मुलीने फोटो काढला. त्यात मासा माझ्यापेक्षा शांत दिसतो.

रीतीप्रमाणे जावयाने आणलेला मासा आधी सासूपुढे ठेवायचा. मी ते जाळं घेऊन सासूबाईंसमोर उभा राहिलो. खान मागे पाणी निथळवत उभा.

सासूबाईंनी बराच वेळ माशाकडे पाहिलं. मग त्यांचा हात स्वेटरच्या बाहीतून बाहेर आला. अंगठ्याने त्यांनी कल्ला उचलला. आत पाहिलं. सोडला. पोटावर दोन बोटं दाबली, पुन्हा दाबली, जरा मागे, जरा पुढे.

बायकोने माझ्या दंडात नखं रुतवली.

"ए बाबा," सासूबाई खानला म्हणाल्या, त्यांच्या त्या हिंदीत जी रत्नागिरी स्टँडपलीकडे कोणी ऐकलेली नाही, "इसके पोट में गाबोळी नहीं क्या?"

खानला गाबोळी कळेना. मी म्हटलं, "अंडे, खान साहब. मछली के अंडे."

"अंडे?" खान खिन्न हसला. "माँजी, इसके अंडे नहीं होते. ये दो अलग मछली का मेल है. इसकी औलाद नहीं होती."

"कधीच नाही?"

"कभी नहीं. कंपनी बाहर से मँगवाती है. ये खतम, तो दूसरी गाड़ी आती है." मग त्याला राहवेना. त्याने पुन्हा मॅनेजरच्या खोलीकडे पाहिलं. "माँजी, मैं स्वात का हूँ. हमारे दरिया में असली ट्राउट होती है. पकड़ो तो आदमी को पानी में गिरा देती है. ये..." त्याने हाताने जे केलं ते माशी उडवल्यासारखं होतं.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. एका जाणकाराने दुसऱ्याला ओळखावं तसं काहीतरी त्या दोघांत झालं. त्यांनी तोंड उघडलं.

"असो," त्या म्हणाल्या, आणि हात बाहीत घेतला.

असो! इतक्या जवळ येऊन असो! मला तो मासा जाळ्यातून काढून त्यालाच चार रट्टे द्यावेसे वाटले.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक मल्याळी आचारी होता. पांढरी टोपी, गंभीर चेहरा. मी मासा दिला आणि विचारलं, "भाई, थोडा मिर्ची, हल्दी? मेरी सासू का पहला मछली है, एक साल के बाद."

"नो मसाला, सर. मसाला डालेगा तो ट्राउट का ओरिजिनल टेस्ट जाएगा."

"जाने दो ना. किसको चाहिए?"

"पॉलिसी है, सर."

मग मी विचार केला, बरोबरच आहे. हा मासा आपल्या मूळ चवीनिशीच सासूबाईंसमोर गेला पाहिजे. त्याच्या अंगावर मसाल्याचं पांघरूण नको. आरोपीने न्यायालयात स्वतःच उभं राहावं.

वीस मिनिटांनी आला. चांदीच्या कागदात, पोटात लिंबाच्या तीन चकत्या, अंगावर लोणी आणि शेपूसारखा कसला तरी पाला. बाजूला उकडलेला बटाटा, सालीसकट. सोलायला त्या आचाऱ्याला बहुधा पॉलिसी नव्हती. कागद उघडला तेव्हा वाफ आली, पण त्या वाफेला वास नव्हता. मी इतके मासे खाल्ले आयुष्यात, ताजे, शिळे, सुके, एकदा तर चुकून कोळ्याच्या आमिषाचा. पण बिनवासाचा मासा मी पहिल्यांदा पाहिला. आतलं मांस फिकट गुलाबी, दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या टाळूसारखं.

मी आधी एक घास खाल्ला, रीत म्हणून. काय सांगू? कोमट. ओलसर. लोण्याची चव होती, लिंबाची होती, कागदाचीसुद्धा थोडी होती. माशाची येईल म्हणून मी थांबलो. अजून थांबलोच आहे.

"वॉव," मेहुणा डोळे मिटून म्हणाला. "सो क्लीन! सो सटल!"

"मामा, इट टेस्ट्स लाइक वॉटर," मुलगी म्हणाली, आणि मला त्या क्षणी तिच्यावर केलेला सगळा खर्च वसूल झाल्यासारखं वाटलं.

आता राहिला सासूबाईंचा घास. मी मागची बाजू काढली, काटे बघितले, तर काटेही नावालाच. तुकडा त्यांच्या ताटलीत ठेवला आणि रीतीप्रमाणे हात जोडले.

"आई, घ्या. तुमच्यासाठी पकडलाय."

"इच्छा नाही हो, जावईबापू."

"एक घास."

"तुम्ही खा. चांगला आहे ना?"

मी काही बोलणार होतो, पण बायको बोलली. ती अगदी हळू बोलली, आणि आईशी नाही, ताटलीशी बोलल्यासारखी. "आई, तू बुधवारी जाशील. मग तिथे रोज पेज. मी इथे रोज विचार करत बसेन, आई जेवली का? माझ्यासाठी एक घास खा गो. नंतर काही म्हणणार नाही."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. काटाचमचा बाजूला ठेवला. तुकड्याचा एक कोपरा बोटांनी तोडला, बोटांवर घेऊन बघितला, आणि तोंडात घातला.

स्पीकरमधला कोकीळ पहिल्यापासून सुरू झाला.

त्या चावत होत्या. त्या माशात चावण्यासारखं काही नव्हतं, तरी चावत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे असा बघत होतो, जसा टेंडरच्या दिवशी बॉसच्या चेहऱ्याकडे बघतो. काही नाही. गिळलं. पाण्याचा घोट घेतला. बायकोचा चेहरा पडला. आता "चांगला आहे" येणार आणि संपणार हे तिला दिसत होतं.

पण त्यांनी आणखी एक तुकडा तोडला. या वेळी मोठा. तो बटाट्यावरच्या मिठात घोळवला. खाल्ला. मग लिंबाची चकती उचलून बघितली, ती ताटलीच्या कडेला आपटली. कागद बोटाने उलगडला, खाली काही लपवलंय का बघायला. माशाचं डोकं स्वतःकडे ओढलं, गालाचं मांस काढलं, तेही खाल्लं. भुवया जवळ येत होत्या. गालांवर, वर्षभर ज्या गालांवर काही नव्हतं तिथे, लाली चढत होती. त्या खात होत्या आणि प्रत्येक घासागणिक त्यांचा राग वाढत होता. तिसरा घास, चौथा. पाठीचा कणा साफ झाला. खान काठावर हातातलं जाळं तसंच धरून बघत उभा होता. आचारी खिडकीतून वाकला होता.

"आई?" मेहुणा आशेने म्हणाला. "क्लीन टेस्ट आहे ना?"

सासूबाईंनी तो कणा शेपटीला धरून वर उचलला, सगळ्या आल्प्सला दिसेल असा, आणि त्यांचा आवाज झऱ्याच्या वरच्या टोकापर्यंत गेला:

"आमच्या ह्यांनी जन्मात एकदा जरी असला मासा घरात आणला असता ना, तर मी दार उघडलं नसतं! मांजरसुद्धा माझ्या बाजूने उभं राहिलं असतं!"